गारव्याची किंमत आणि ठेकेदाराचा परवाना



वैशाखाचे ऊन दख्खनच्या पठारावर उतरले म्हणजे हैदराबाद शहराचे दैनंदिन जीवन पालटून जाते. दुपारी सुलतान बाजार आणि काचीगुडा या भागांतील वर्दळ ओसरते, शाळांचे वर्ग सकाळच्या प्रहरातच आटोपले जातात, आणि घराघरांतून गारव्याची काही ना काही सोय शोधली जाते. २ जून १९६६ रोजी या शहरात ४५.५ अंश सेल्सिअस एवढ्या तापमानाची नोंद झाली होती. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर आहे आणि येथील उन्हाळा कोरडा असतो. या कोरडेपणामुळेच वाळ्याचे ताटे दारेखिडक्यांना टांगून त्यावर पाणी शिंपडण्याची पद्धत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जाड भिंती, चुन्याची गच्ची आणि उंच छत हे जुन्या हवेल्यांचे वातानुकूलनच होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

महाराष्ट्रातील वाचकांना हे शहर परके नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. देगलूर, बिलोली, उदगीर, किनवट या सीमाभागांतील माणसे आजही व्यापार, औषधोपचार आणि नोकरी यांच्या निमित्ताने हैदराबादची वाट धरतात, आणि अनेक मराठी कुटुंबे तेथे कायमची वसलेली आहेत. सबब, हैदराबादच्या बाजारात गारव्याचा व्यवहार कसा चालतो, हे समजून घेणे मराठी माणसाच्याही हिताचे आहे.

यंत्राने निर्माण केलेला गारवा या शहराला तसा नवा नाही. १९४२ साली स्थापन झालेल्या हैदराबाद आल्विन या कारखान्याने पुढे शीतकपाटे बनविली आणि ती देशभर गेली. परंतु त्या काळी शीतकपाट हीच चैन होती. वातानुकूलन यंत्र तर मोठी हॉटेले, चित्रपटगृहे आणि निवडक कचेऱ्या यांपुरतेच मर्यादित होते. आज ते मध्यमवर्गीय घराच्या भिंतीवर येऊन बसले आहे. कोठी, ट्रूप बाजार, राणीगंज या पेठांतून यंत्रे, तांब्याच्या नळ्या, वायरी, कूलरचे पंप आणि गवताच्या जाळ्या यांचा व्यापार चालतो. उन्हाळा सुरू झाला की यंत्रे बसवून देणारे आणि दुरुस्त करणारे यांच्या पाट्या गल्लोगल्ली दिसू लागतात.

यंत्र कोणते घ्यावे, याची चौकशी प्रत्येकजण दहा ठिकाणी करतो. ते यंत्र भिंतीवर चढविणारा माणूस कोण, त्याच्याजवळ कोणते शिक्षण आणि कोणता परवाना आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. वस्तुतः गारव्याची खरी किंमत दुकानातील चिठ्ठीवर ठरत नाही. ती यंत्र बसविण्याच्या कामावर आणि पुढील दहा वर्षांच्या वीजबिलावर ठरते.

प्रथम परवान्याचा विचार करू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घरे उबदार ठेवणे, वायुवीजन आणि वातानुकूलन ही कामे घेणाऱ्या ठेकेदारासाठी सी-२० या नावाचा स्वतंत्र परवाना आहे. त्या देशात शीतकारक वायू हाताळणाऱ्या प्रत्येक कारागिराला १९९४ च्या नोव्हेंबरपासून प्रमाणपत्र सक्तीचे झाले, आणि तो वायू जाणूनबुजून हवेत सोडणे त्याच्याही आधी, १९९२ च्या जुलैपासून, गुन्हा ठरले. भारतात, आणि म्हणून तेलंगण व महाराष्ट्र या राज्यांतही, ‘वातानुकूलन ठेकेदार’ असा एकच सर्वसमावेशक परवाना अस्तित्वात नाही. दुकानाच्या दर्शनी भागी चौकटीत लावलेला कागद बहुधा महानगरपालिकेचा व्यापार परवाना असतो, किंवा वस्तू व सेवा कराच्या नोंदणीचे प्रमाणपत्र असते. दुकान कायदेशीर आहे, एवढेच हे कागद सांगतात. दुकानदाराचा कारागीर कुशल आहे, असे ते सांगत नाहीत. ग्राहकाची पहिली फसगत येथेच होते.

तथापि, कायदा या बाबतीत अगदी मौन आहे असेही नाही. विजेच्या मांडणीचे काम राज्य शासनाने परवाना दिलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घेतले पाहिजे, हे बंधन भारतीय विद्युत नियम, १९५६ यांमध्ये होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या व त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांतही ते कायम राहिले आहे. अशा ठेकेदाराजवळ पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र असलेला माणूस आणि परवानाधारक तारतंत्री असावा लागतो. महाराष्ट्रात हे परवाने अनुज्ञापक मंडळाकडून दिले जातात. तेलंगणातही त्यासाठी स्वतंत्र मंडळ आहे.

या नियमाला एक सवलत जोडलेली आहे आणि तिचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण नुसते बदलावयाचे असेल, आणि त्यामुळे मूळ मांडणीची क्षमता अथवा स्वरूप बदलत नसेल, तर परवानाधारक ठेकेदाराची आवश्यकता नसते. या सवलतीचा आधार घेऊन पुष्कळजण वातानुकूलन यंत्रही स्वतःच जोडून घेतात. परंतु दीड टनाचे यंत्र पूर्ण जोरात चालते तेव्हा सुमारे दीड किलोवॉट वीज ओढते. त्यासाठी मंडलापासून स्वतंत्र वायर ओढावी लागते, स्वतंत्र एमसीबी बसवावा लागतो आणि अर्थिंगची खात्री करून घ्यावी लागते. येथे मांडणीची क्षमता बदलते. म्हणजेच हे काम सवलतीत बसत नाही. ते परवानाधारकाचेच काम ठरते. घराचा मंजूर भार कमी असल्यास तो वाढवून घेण्यासाठी वीज वितरण कंपनीकडे अर्जही करावा लागतो. जुन्या घरातील पंख्यादिव्यांच्या बारीक तारेवर हे यंत्र टाकले, तर तार तापते, तिचे वेष्टन वितळते, आणि आग लागण्याचे कारण तयार होते.

हेच सूत्र पाणी तापविण्याच्या यंत्रालाही लागू आहे. हैदराबादच्या मार्गशीर्ष-पौषातील थंडीत गिझर बसविणारा माणूस पुष्कळदा तोच असतो. गिझरची सुरक्षा झडप आणि अर्थिंग तपासल्याशिवाय तो चालू करू नये. वायूवर चालणारा गिझर तर बंद न्हाणीघरात कदापि बसवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि आत असलेल्या माणसाला सावध होण्यास वेळही मिळत नाही.

आता वायूकडे वळू. ‘गॅस संपला आहे, भरावा लागेल,’ हे वाक्य उन्हाळ्यात घरोघरी ऐकू येते. मोटारीतील पेट्रोल संपते तसा यंत्रातील शीतकारक वायू संपतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. हा वायू बंद नळ्यांतून फिरत राहतो, खोलीतील उष्णता शोषून घेतो आणि बाहेर नेऊन टाकतो. तो खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, हे निश्चित समजावे. गळती न शोधता जो कारागीर नुसताच वायू भरून देतो, तो पुढील उन्हाळ्यातील आपल्या फेरीचीच तजवीज करून ठेवतो.

योग्य पद्धत अशी आहे की, प्रथम नळ्यांत नायट्रोजन भरून दाबाची चाचणी घ्यावी, गळतीचे ठिकाण शोधून ते बंद करावे, नंतर निर्वात पंपाने नळ्यांतील हवा व ओलावा काढून टाकावा, आणि मगच यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाएवढा वायू तराजूने मोजून भरावा. चाचणीसाठी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरणे प्राणघातक ठरू शकते, कारण कॉम्प्रेसरमधील तेल आणि दाबाखालील ऑक्सिजन यांचा संयोग स्फोटक असतो. नवीन यंत्रांत सर्रास वापरला जाणारा आर-३२ हा वायू सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० तर चांगलाच ज्वालाग्राही आहे. पूर्वी आर-२२ वर काम केलेल्या माणसाने तेच ठोकताळे या वायूंना लावणे धोक्याचे होय.

आर-२२ चा उल्लेख आला म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगणे उचित ठरेल. ओझोनच्या थराला अपाय करणाऱ्या पदार्थांवर नियंत्रण आणणारा माँट्रियल करार १९८७ साली झाला आणि भारत १९९२ साली त्यात सामील झाला. त्यानुसार देशात २००० साली नियम करण्यात आले, आणि आर-२२ सारखे पदार्थ टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. एक किलो आर-२२ हवेत सोडला तर वातावरण तापविण्याच्या दृष्टीने त्याचा परिणाम सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा होतो. खोली गार करण्याच्या धडपडीत जगाची हवा तापविणे हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. केंद्र शासनाने मार्च २०१९ मध्ये जाहीर केलेल्या भारत शीतलन कृती आराखड्यात एक लाख कारागिरांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट याच जाणिवेने ठेवण्यात आले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शीतकरण व वातानुकूलन हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. हे प्रमाणपत्र सक्तीचे नसले तरी ते मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि ते अभिमानाने दाखविणारे तरुण या शहरात पुष्कळ आहेत.

हे सर्व व्यवहारात कसे उतरते, हे पाहण्यासाठी काचीगुड्यातील एका शिक्षकाचे घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. घरात वृद्ध आई, परीक्षेला बसलेला मुलगा आणि पत्र्याखालची तापणारी खोली आहे. शिक्षकाने दोन ठिकाणांहून दर मागविले. पहिल्याने एकाच ओळीत आकडा लिहून दिला, ‘फिटिंगसह’. दुसऱ्याचा आकडा दोन हजारांनी अधिक होता. पण त्याने नळीची लांबी, स्टँड, भिंतीचे भोक, पाणी वाहून नेणारी नळी, वायर, एमसीबी, निर्वात पंपाचे काम आणि कर अशा बाबी वेगवेगळ्या मांडल्या, शिवाय विद्युत ठेकेदाराच्या परवान्याचा क्रमांक लिहिला. पहिला दर स्वस्त वाटतो. परंतु ‘फिटिंग’ या शब्दात काय येते आणि काय येत नाही, हे काम अर्ध्यावर आल्यावर कळते. मग जादा नळीचे पैसे वेगळे, स्टँडचे वेगळे, आणि वर्षभरात गळतीमुळे पुन्हा वायू भरण्याचे वेगळे. दोन हजारांची बचत दोन उन्हाळ्यांत नाहीशी होते.

यंत्राच्या किमतीसंबंधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वातानुकूलन यंत्रावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. करापूर्वीची किंमत ३०,००० रुपये असेल, तर पूर्वी कर ८,४०० रुपये होता, तो आता ५,४०० रुपये होतो. ही ३,००० रुपयांची सवलत ग्राहकाला मिळाली की मधेच जिरली, हे पक्के बिल घेतल्याशिवाय समजत नाही.

यानंतर वीजबिलाचा हिशेब येतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा होय. तेलंगणात २०२२-२३ पासूनच्या घरगुती दरपत्रकात २०० युनिटांची एक लक्ष्मणरेषा आहे. महिन्याचा वापर १०० ते २०० युनिटांच्या दरम्यान असेल, तर पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ३ रुपये ४० पैसे आणि पुढील युनिटांना ४ रुपये ८० पैसे पडतात. वापर २०० च्या वर गेला, की पहिल्या २०० युनिटांचाच दर ५ रुपये १० पैसे होतो आणि पुढील १०० युनिटांना ७ रुपये ७० पैसे मोजावे लागतात. म्हणजे २०० युनिटांचा वीजआकार ८२० रुपये, आणि २०१ युनिटांचा १,०२७ रुपये ७० पैसे. एका युनिटाची किंमत २०७ रुपये ७० पैसे पडली.

शिक्षकाच्या घरी एरवी महिन्याला १५० युनिटे लागतात असे धरू. त्यांचा वीजआकार ५८० रुपये होतो. १८० वॉटचा कूलर रोज आठ तास चालविला तर सुमारे ४३ युनिटे वाढतात, आणि आकार ७८६ रुपये ४० पैसे होतो. त्याऐवजी, ज्याच्या ताऱ्यांच्या पट्टीवर १,६०० तासांना ९६० युनिटे असा वापर लिहिला आहे असे वातानुकूलन यंत्र तितकेच तास चालविले, तर १४४ युनिटे वाढतात, एकूण वापर २९४ वर जातो, आणि आकार १,७४३ रुपये ८० पैसे होतो. स्थिर आकार व शुल्क यांत धरलेले नाहीत. कूलरचा प्रत्येक युनिट ४ रुपये ८० पैशांना पडला. यंत्राचा प्रत्येक युनिट ८ रुपयांच्या वर गेला. गृहज्योती योजनेखाली मार्च २०२४ पासून पात्र शिधापत्रिकाधारकांना २०० युनिटांपर्यंत बिल माफ आहे. अशा गरीब कुटुंबाने हप्त्यावर यंत्र घेतले आणि रेषा ओलांडली, तर शून्याचे बिल एकदम दीड-पावणेदोन हजारांवर जाते. विक्रेता हप्ता सांगतो. ही रेषा सांगत नाही.

याचा अर्थ यंत्र घेऊच नये असा नव्हे. वृद्ध, आजारी आणि तान्ही मुले यांच्यासाठी तीव्र उन्हाळ्यात गारवा ही चैन राहिलेली नाही. परंतु खोलीला हवे तेवढेच यंत्र घ्यावे. यंत्राचा ‘टन’ म्हणजे त्याचे वजन नव्हे. सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता त्या अवधीत काढून टाकण्याची ती क्षमता होय. खोली न मोजता मोठे यंत्र गळ्यात मारणारा ठेकेदार ग्राहकाच्या बिलाचा विचार करीत नसतो. चांगला ठेकेदार प्रथम खोलीची लांबीरुंदी, पश्चिमेची भिंत आणि छत पाहतो. तपमान २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावण्याचा सल्लाही तो देतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम काम देतो. पाऊस सुरू होऊन हवेतील ओलावा वाढला की त्याचा उपयोग घटतो.

छताचा विचार तर सर्वांच्या आधी व्हावा. तेलंगण शासनाने एप्रिल २०२३ मध्ये शीतल छत धोरण जाहीर केले. त्यानुसार शासकीय व व्यापारी इमारतींना, तसेच ६०० चौरस वार किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींना, ऊन परतवून लावणारे छत बंधनकारक करण्यात आले. लहान घरांना ते ऐच्छिक आहे. पांढरा लेप दिलेली गच्ची कमी तापते, आणि खालच्या खोलीतील यंत्रावरचा भार हलका होतो. आपल्या खेड्यांतील पत्र्याच्या शाळाखोल्यांनाही हा उपाय सहज करता येण्याजोगा आहे.

या व्यवहारात आणखी एक माणूस आहे, ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या छज्जावर एक पाय ठेवून, जड यंत्र दोरीने ओढून घेणारा तो मदतनीस होय. तो अनेकदा जिल्ह्याच्या गावातून आलेला अठरा-वीस वर्षांचा मुलगा असतो. त्याच्या कमरेला सुरक्षा पट्टा नसतो, पायाखाली परात नसते. कामावर इजा झालेल्या मजुराला भरपाई मिळावी, असा कायदा आपल्या देशात १९२३ सालीच झाला. पण ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, त्याच्या घरच्यांनी दाद मागावी तरी कोणत्या कागदाच्या आधारे? स्वस्त दरातील ‘बचत’ पुष्कळदा याच मुलाच्या जिवावर झालेली असते. ‘पट्टा आणला आहे का?’ एवढे विचारण्यास घरमालकाला काहीच खर्च येत नाही.

शासकीय कचेऱ्या, शाळा आणि ग्रामपंचायती यांची जबाबदारी याहून मोठी आहे. संगणक कक्षासाठी किंवा आरोग्य उपकेंद्रातील लसींच्या खोलीसाठी यंत्र घेताना केवळ सर्वांत कमी दर पाहून आदेश देणे पुरेसे नाही. विद्युत ठेकेदाराच्या परवान्याची वैध प्रत, कारागिराचे प्रशिक्षण प्रमाणपत्र, बाबवार अंदाजपत्रक आणि किमान एका उन्हाळ्याची देखभाल या अटी निविदेतच घालाव्यात. शिक्षकांनी वरील वीजबिलाचा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर सोडवून घ्यावा. तो गणिताचा उत्तम धडा होईल, आणि मुलांमार्फत घरापर्यंत पोहोचेल.

फसवणूक झालीच, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यानुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर विचारणा करता येते. परंतु त्यासाठी हाती पावती पाहिजे. तोंडी व्यवहाराला आयोगापुढे आधार उरत नाही.

सारांश, यंत्र भिंतीवर चढण्यापूर्वी पाच गोष्टी विचाराव्यात: विजेच्या कामाचा परवाना कोणाचा? कारागिराचे प्रशिक्षण कोठे झाले? दरात कोणकोणत्या बाबी येतात? नळ्या निर्वात पंपाने स्वच्छ करणार की नाही? आणि पक्के बिल मिळणार की नाही? हे विचारताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. ज्याला आपले काम येते, तो या प्रश्नांनी रागावत नाही. उलट, आपल्या कसबाची किंमत जाणणारा ग्राहक भेटला म्हणून संतुष्ट होतो. हैदराबादच्या बाजारात असे कारागीर आहेत, नांदेड-लातूरच्या बाजारांतही आहेत. त्यांना काम मिळावे आणि घरच्या वृद्धांना, मुलांना निर्धोक गारवा मिळावा, हे ग्राहकाच्या जागरूकतेवरच अवलंबून आहे.